एल्बोखालचं स्टूल

काकांचं अर्धं आयुष्य पांढऱ्या वस्तूंमध्ये गेलं. पांढऱ्या सळ्या, पांढऱ्या नळ्या, पांढऱ्या चकत्या. बाहेरच्या माणसाला ते सगळं एकच प्लास्टिक वाटतं. काकांना ती भावंडं वाटतात. कारखान्यात त्यांना ‘पांढरेसाहेब’ म्हणतात. त्यांचं खरं आडनाव वेगळंच आहे, पण नव्या लोकांना ते ठाऊक नाही. कधीकधी कुरिअरसुद्धा पांढरे या नावानं येतं. काका सही करून घेतात.

‘‘कोण समजावत बसणार,’’ म्हणतात.

हे वाक्य ते दिवसातून बरेचदा म्हणतात. रागानं नाही. खुर्चीत बसताना गुडघ्यातून जसा आवाज येतो, तसं ते त्यांच्या तोंडून येतं.

मी त्यांना भेटले कामामुळे. पदवी घेऊन घरी बसले होते. त्यांच्या मालकांना एक पुस्तिका हवी होती. फ्लोरीन असलेल्या प्लास्टिकांची तुलना, कोणतं कुठे वापरावं, कोणतं कुठे अजिबात वापरू नये. हे सगळं काकांच्या डोक्यात होतं आणि काका निवृत्त होणार होते. कोणीतरी ते सोप्या भाषेत लिहून काढायला हवं होतं.

‘‘काय शिकलीस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘साहित्य.’’

‘‘कसलं? बांधकामाचं?’’

ते हसले नाहीत. मला वाटलं, खरंच विचारताहेत. मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, ‘‘बस, कवीबाई.’’ त्या दिवसापासून मी कवीबाई. एकही कविता न लिहिता.

दिवसभर कारखान्यात त्यांना उसंत नसायची. म्हणून मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी जायचे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात एकच ताट बाहेर, बाकीची कपाटात. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांऐवजी नमुने मांडलेले. कडेला एक जुनी ऑइलची बाटली, बिडाची वजनं, आणि एक अॅशट्रे ज्यात आता स्क्रू असायचे.

‘‘सिगारेट सोडली?’’ मी विचारलं होतं.

‘‘तिनंच सोडलं मला. तरुणपणी लेथवर होतो. टेफ्लॉनचा भुगा बोटांना लागलेला, त्याच बोटांनी सिगारेट पेटवली. भुगा जळला, धूर छातीत. संध्याकाळी असा थंडी-ताप, की तुझ्या काकूनं घरातली सगळी पांघरुणं माझ्यावर घातली. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, हवा बदललीय. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकूनं पाकीटच चुलीत घातलं. म्हणाली, आता दोन्हीकडून धूर पुरे.’’

मी हे लिहून घेतलं. पुस्तिकेत एक ओळ गेली: भुग्याजवळ धूम्रपान करू नये. काकूंचं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

नमुने दाखवताना त्यांच्या आवाजात जरा जीव यायचा. एक जाड पांढरी चकती माझ्या हातात दिली. मेणासारखी गुळगुळीत, अपेक्षेपेक्षा जड.

‘‘हा थोरला. पीटीएफई, म्हणजे लोकांचं टेफ्लॉन. याला काही चिकटत नाही, याला काही खात नाही. उकळतं ॲसिड ओत, उकळता कॉस्टिक सोडा ओत, दोनशे साठ अंशांपर्यंत हूं की चूं करत नाही. पण मऊ आहे. वजन ठेवलंस की हळूहळू सरकतो. आज गच्च आवळलेला बोल्ट उद्या सैल. मोडत नाही, तक्रार करत नाही, फक्त जागा सोडत जातो.’’

मी पेन उचललं.

‘‘उपमा करू नकोस,’’ काका म्हणाले. ‘‘लिही, बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळावेत.’’

मग दोन पारदर्शक नळ्या. ‘‘या बहिणी. थोरला वितळून साच्यात ओतता येत नाही, भुकटी दाबून भाजावी लागते, विटेसारखी. या वितळतात. साच्यात जातात, जोडता येतात. ही एफईपी, काचेसारखी स्वच्छ, पण दोनशेच्या पुढे नेऊ नये. ही पीएफए. थोरल्याइतकीच सोसते, पण नखरे महाग.’’ त्यानंतर ईटीएफई, चुलत भाऊ. हलका, चिवट, हातोडीचा मारही खातो, पण उष्णता दीडशेपर्यंतच.

शेवटी दुधी रंगाचा एक नळीचा तुकडा. तो वाकवायचा प्रयत्न केला, वाकला नाही.

‘‘धाकटा. पीव्हीडीएफ. भावंडांत सगळ्यांत ताठ. दाब सोसतो, वेल्ड होतो, परवडतो. ॲसिडला भीत नाही. पण थोरल्याच्या अंगभर फ्लोरीन आहे, याच्या अंगात निम्मा. उरलेल्या जागी हायड्रोजन. कॉस्टिकला नेमकं तिथे बोट घालायला मिळतं. गरम कॉस्टिक असेल तर संपलंच. आधी रंग बदलतो, चहासारखा होतो. मग ठिसूळ. ताठपणा मात्र तसाच. पाहणाऱ्याला वाटतं, उभा आहे की अजून. एक दिवस काचेसारखा तडकतो.’’

या वेळी मी पेन उचललं नाही. तरी त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलंच.

त्यांची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, टेफ्लॉन द्या. काका त्याला बसवायचे. आतून काय वाहतं? किती गरम? दाब किती? मध्ये बंद करता का? बंद केल्यावर आत काय उरतं? जवळ कोण उभं असतं? आणि सगळ्यांत शेवटी, न चुकता: धुता कशानं?

‘‘वाहतं काय ते सगळे सांगतात,’’ ते मला म्हणाले होते. ‘‘धुणं कोणी सांगत नाही. धुणं म्हणजे काम नव्हे असं लोकांना वाटतं. निम्मे पाइप धुण्यानं मरतात.’’

गिऱ्हाइकं कंटाळायची. एकानं विचारलं होतं, ‘‘अहो, पाइप विकताय की मुलगी देताय?’’

त्यावर काका गप्प झाले म्हणे. हे मला त्यांच्या मुलीनं सांगितलं. ती रविवारी कधी कधी डबा घेऊन यायची. माझ्याहून थोडी मोठी. हसताना मान मागे टाकायची.

‘‘कारण मुलगी देताना बाबांनी तेच केलं,’’ ती म्हणाली. ‘‘आमचे हे घरी पहिल्यांदा आले, चहासुद्धा घेतला नव्हता. बाबांची सुरुवात. राग कधी येतो? आला की किती वेळ राहतो? वडिलांशी भांडण झालं तर कोण आधी बोलतं? ते बिचारे घामाघूम. मी आतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर ओरडले, बाबा, तो माणूस आहे, पाइप नाही!’’

‘‘आणि काका?’’

‘‘काका काय. तेव्हापासून जावयाला एक प्रश्न विचारतील तर शपथ. कसे आहात, हेसुद्धा नाही. नुसतं ‘या’, ‘बसा’, ‘घ्या’. हे म्हणतात, तुझ्या बाबांशी बोलणं म्हणजे बँकेच्या काउंटरवर उभं राहणं.’’

काका खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. ‘‘ऐकू येतंय मला,’’ एवढंच म्हणाले.

जावयाचा कारखाना होता. नळ, कड्या, दांडे यांवर चकाकी चढवण्याचा. लहानच, गावाबाहेरच्या शेडमध्ये. मागल्या वर्षी त्यांनी ॲसिडची लाइन बदलायला घेतली. काकांना फोन केला, ॲसिड वाहणार आहे, ताठ आणि परवडणारं काहीतरी द्या. काकांनी धाकटा दिला. पीव्हीडीएफ. ॲसिडसाठी उत्तम. एकही प्रश्न विचारला नाही.

हे मला नंतर कळलं. म्हणजे त्या रविवारी कळलं.

त्या रविवारी काका फार दमलेले होते. आठवडाभर कारखान्यात कोणाकोणाला शिकवत होते आणि कोणीच नीट ऐकत नव्हतं. डोळ्यांखाली सूज. मी पुस्तिकेचा शेवटचा भाग वाचून दाखवत होते आणि ते खुर्चीत डोळे मिटून ‘हं’ म्हणत होते. मुलगी आली. डबा ठेवला. कट्ट्यावरचे नमुने एका बाजूला सारले, डबा नीट बसावा म्हणून.

‘‘किती पांढरंशुभ्र जपलंय बाबांनी,’’ ती मला म्हणाली. ‘‘आमचा पाइप बघशील तर. चहा गाळल्यासारखा झालाय.’’

काकांनी डोळे उघडले.

‘‘कुठे?’’

‘‘कुठे काय?’’

‘‘रंग. कुठे बदललाय?’’

‘‘ते वरचं वळण आहे ना, एल्बो, पंपाच्या पुढे. तिथे जास्त. मळ असेल.’’

काका उठून उभे राहिले. टेबलाला धरून. मग त्यांनी विचारलं. अगदी हळू.

‘‘धुता कशानं?’’

‘‘कॉस्टिकनं. आत तेलकट गाळ बसतो ना. आधी पाणी सोडतो, मग गरम कॉस्टिक फिरवतो. दर रविवारी. मीच असते बहुतेकदा, व्हॉल्व्हपाशी. आज इकडे यायचं होतं म्हणून हे उभे आहेत.’’

‘‘त्या एल्बोखाली?’’

‘‘व्हॉल्व्ह तिथेच आहे, बाबा.’’

मी नुकतंच वाचून दाखवलेलं पान माझ्या मांडीवर होतं. आधी रंग बदलतो. मग ठिसूळ. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला अजून कळलं नव्हतं. मी ते पान तिच्यासमोर धरलं. मग कळलं. गरम कॉस्टिक डोळ्यांत गेला तर काय होतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शेडच्या भिंतीवर तसा फलकच होता.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

‘‘पंपाच्या आवाजात ऐकू येत नाही त्यांना,’’ ती म्हणाली. आवाज फाटला होता.

ती तिच्या स्कूटरवर पुढे गेली. काका माझ्या स्कूटरवर मागे बसले. त्यांना पाय टाकायला दोनदा प्रयत्न करावा लागला. वाटेत ते एकदाच बोलले.

‘‘मी सगळ्या जगाला विचारत आलो.’’

रस्त्यावर रविवारची सुस्ती होती. दुकानांची दारं अर्धी उघडी. एक माणूस पाण्यानं पायरी धूत होता. काकांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, असं मला आरशात दिसलं.

शेडमध्ये उग्र वास होता. पंप चालू होता. जावई व्हॉल्व्हपाशी उभे होते, गॉगल कपाळावर चढवलेला, बाजूला दोन कामगार. त्यांच्या डोक्यावर एल्बो. तो मी पाहिला. बाकीचा पाइप दुधी, आणि वळणावर तो तपकिरी, जोडाजवळ जवळजवळ काळा. तिकडे बघू नये असं वाटलं आणि नजर हलेना.

‘‘बंद करा!’’ मुलगी ओरडली.

‘‘काय झालं? बाबा, तुम्ही? या, बसा.’’

‘‘पंप बंद करा,’’ काका म्हणाले. ‘‘आणि तिथून आधी बाजूला व्हा.’’

‘‘होतच आलंय. मध्येच बंद केलं तर गाळ तिथेच बसतो. पाचदहा मिनिटं.’’

‘‘तो पाइप कॉस्टिकचा नाही.’’

जावयांनी कामगारांकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. चेहरा तापला. ‘‘वर्ष झालं चालतोय. काही झालं नाही. आणि बाबा, पाइप तुम्हीच दिलात ना? आता तुमचा तुमच्याच मालावर भरवसा नाही? तेव्हा एका शब्दानं बोलला नाहीत. आज रविवारी धावत येऊन माझ्या माणसांसमोर...’’

‘‘अहो, ऐका ना त्यांचं!’’ मुलगी म्हणाली.

‘‘ऐकतोय की. पहिल्यांदाच बोलताहेत.’’

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी एक प्लास्टिकचं स्टूल होतं. ते त्यांनी उचललं. सावकाश चालत व्हॉल्व्हपाशी गेले. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थोडं बाजूला सारलं, गर्दीत म्हातारी माणसं सारतात तसं. एल्बोच्या बरोब्बर खाली स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. हात गुडघ्यांवर. मान किंचित खाली.

‘‘तुम्ही तिकडे थांबा,’’ ते म्हणाले. ‘‘होऊ द्या तुमचं. मी बसतो इथे.’’

पंपाचा आवाज चालू होता. मुलगी ‘बाबा’ म्हणाली, तो आवाज मला पुन्हा कधी ऐकू येऊ नये. मी जागची हलले नाही. मी पुस्तकांत खूप प्रसंग वाचले आहेत. त्यांतला एकही मला त्या क्षणी उपयोगी पडला नाही.

जावयांनी स्विच मारला.

अचानक शांतता झाली. पाइपातून द्रव खाली उतरताना गुळगुळ आवाज आला, मग तोही थांबला. काका तसेच बसून होते. मुलीनं त्यांचा दंड धरून त्यांना तिथून ओढून काढलं.

‘‘काय केलंत हे? काय केलंत?’’

‘‘उभं राहवत नव्हतं गं,’’ काका म्हणाले. ‘‘पाय भरून आले होते.’’

ती रडत होती आणि हसत होती. ‘‘दुसरीकडे जागा नव्हती?’’

‘‘दुसरीकडे बसलो असतो तर यांनी पंप बंद केला नसता.’’

लाइन पाण्यानं धुतली. ती गार होऊ दिली. मग कामगारांनी हातमोजे आणि गॉगल घालून फ्लँजचे, म्हणजे जोडावरच्या कड्यांचे, बोल्ट सोडले आणि एल्बो खाली काढला. काकांनी तो हातात घेतला. आत बोट फिरवलं. स्टुलाच्या कडेवर हलकेच आपटला. कपाची कड फुटावी तसे त्याचे जोडावरून दोन तुकडे झाले. जोर लावलाच नव्हता.

जावई खाली बसले. तिथेच, ओल्या फरशीवर. बराच वेळ दोन्ही तुकड्यांकडे पाहत राहिले. मग बायकोकडे पाहिलं. एरवी रविवारी तिथे कोण उभं असतं, हे त्यांना आठवलं असावं.

‘‘चूक माझी,’’ काका म्हणाले. ‘‘मी विचारलं नाही.’’

‘‘मीही सांगितलं नाही.’’

‘‘तुम्ही सांगायचं नसतं. विचारायचं काम माझं. धुणं कोणीच सांगत नाही.’’

‘‘मग विचारलं का नाहीत?’’

काकांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. ‘‘माझ्यामुळे,’’ ती म्हणाली. ‘‘मी तेव्हा ओरडले होते ना. तो माणूस आहे, पाइप नाही.’’

जावयांना हसू आलं. ते त्यांनी दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ‘‘अगं, पण हा पाइपच होता,’’ ते म्हणाले.

एक कामगार खो खो हसला आणि मग चपापला. काकाही हसले. थोडंसं. हसायलाही त्यांना कष्ट पडत होते.

चहा आला. काका पुन्हा त्याच स्टुलावर बसले, आता भिंतीशी. कप दोन्ही हातांत धरला. जावई समोर उलट्या पिंपावर बसले.

‘‘विचारू?’’ काका म्हणाले.

‘‘विचारा.’’

‘‘सगळं?’’

‘‘सगळं. त्या दिवशीचं राहिलेलंसुद्धा.’’

आणि काकांनी सुरुवात केली. आतून काय वाहतं? ॲसिडची तीव्रता किती? किती गरम? कॉस्टिक किती गरम? दाब किती? बंद केल्यावर आत काय उरतं? जावई शाळेतल्या मुलासारखे उत्तरं देत होते. कुठे अडले तर बायको सांगत होती. ‘‘ऐंशी अंश नाही हो, नव्वद. तुम्ही थर्मामीटर बघतच नाही.’’ ‘‘तू मधे बोलू नकोस.’’ ‘‘बोलणार. उभी मी असते.’’ एका प्रश्नावर दोघांचं जुंपलं, तेव्हा काका थांबले आणि त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं. तेही उत्तरच आहे, अशा चेहऱ्यानं.

शेवटी म्हणाले, ‘‘थोरला घ्या. लोखंडी पाइप, आतून पीटीएफईचं अस्तर. ॲसिडही चालेल, कॉस्टिकही. मऊ असतो, पण लोखंड त्याला धरून ठेवेल. बोल्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. विसरू नका. आणि तोवर ही लाइन बंद.’’

‘‘बंद,’’ जावई म्हणाले. ‘‘एकही राहिला नाही ना प्रश्न?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मी एक विचारू?’’

काकांनी कप खाली ठेवला. त्यांना कोणी असं थांबून काही विचारल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. लोक त्यांच्याकडून उत्तरं नेत.

‘‘तुम्ही दमलात का, बाबा?’’

गिऱ्हाइकाचा प्रश्न असावा तसा त्यांनी तो नीट ऐकून घेतला. शेडच्या पत्र्यावर ऊन होतं. मुलगी त्यांच्यामागे उभी होती, हात त्यांच्या खांद्यावर. तिचा चेहरा कोरडा होता, दोन्ही डोळे उघडे, धड. मी ते पाहत राहिले.

‘‘किती तापमानाला विचारताय?’’ काका म्हणाले.

कोणी हसलं नाही. जावई वाट पाहत राहिले.

‘‘हो,’’ काका म्हणाले. ‘‘दमलोय खरा. बरेच दिवस झाले.’’

‘‘मग आज इथेच राहा. जेवा. झोपा.’’

काकांनी मान हलवली. हो म्हणून. आणि बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून, त्यांनी डोळे मिटले. कप अर्धा भरलेला होता. मुलीनं तो उचलला. जावयांनी एल्बोचे दोन्ही तुकडे आवाज न करता गोळा केले आणि बाहेर नेले.